जातो म्हणू नये

एका जंगलात चितळांचा एक कळप राहत होता. चितळांचाच होता की सांबरांचा, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. मी ही गोष्ट लहानपणी ऐकली आणि त्यानंतर फार शिकलो, त्यामुळे मूळचं बरंच पुसलं गेलं. पण सांबरांच्या अंगावर ठिपके नसतात आणि या गोष्टीतल्या मुलीचं नाव टिकली होतं, एवढं आठवतं. तेव्हा चितळंच धरू या.

तर मुलांनो, उन्हाळ्याचे दिवस होते. ओढे आटले होते. एका ऐनाच्या झाडाखाली तेवढा एक पाणवठा उरला होता. वाघ दुपारभर त्या पाण्यात बसायचा आणि ऊन उतरलं की उठून निघून जायचा. तो गेला की चितळांनी प्यायचं, असा रिवाज होता. तो गेला हे कळावं म्हणून ऊन उतरायच्या वेळी एक जण टेकाडावर राखणीला चढायचा आणि तिथून ओरडून सांगायचा.

जुना राखणदार आंधळा झाला, तेव्हा टिकलीची नेमणूक झाली. तिची नजर तीक्ष्ण होती. शिवाय तिची आई नुकतीच व्याली होती. आईला पाणी मिळालं नाही तर दूध आटणार आणि पाडस जगणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे ती मन लावून काम करणार, असं सगळ्यांना वाटलं.

तिला शिकवायला झडशिंगे आजोबा आले. कळपात सर्वांत वयस्कर तेच. टेकाडावर उभं कसं राहावं, हे त्यांनी दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी ओरडण्याचा विषय निघाला.

"वाघ यायला लागला तर काय ओरडायचं?" टिकलीनं विचारलं.

"वाघ येतो."

"आणि जायला लागला तर?"

आजोबांनी डोळे मिटले. "जाणाऱ्याला 'जातो' म्हणू नये, बाळ. अशुभ असतं. 'येतो' म्हणावं."

"वाघाला पण?"

"वाघ झाला म्हणून काय झालं? रीत ती रीत."

"मग कळपाला कळायचं कसं?"

"अनुभवानं."

टिकलीला अनुभव नव्हता. ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळायचं, आजोबा?"

"आम्ही दोन्ही वेळा पळायचो," आजोबा म्हणाले. "म्हणून तर एवढं वय झालं."

टिकली 'येतो' घोकू लागली.

पहिल्या दिवशी ऊन उतरलं. वाघ उठला, त्यानं अंग झाडलं आणि तो निघाला. टिकली शिकवल्याप्रमाणे ओरडली, "वाघ येतो." कळप पार नाल्यापलीकडे पळाला. पाणी कोणीच प्यायलं नाही. आजोबांनी टिकलीच्या उच्चारांचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तरुणांनी कुरकुर सुरू केली. एकानं सुचवलं, निदान 'वाघ संपला' असं तरी म्हणू द्या. म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा आला. संपला असं म्हणतात का कधी? आपल्याकडे कुरणातलं गवत संपलं तरी 'गवत वाढलं' म्हणायची पद्धत आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. बराच वाद झाला. शेवटी दोन्ही पिढ्यांना मान्य होईल असा तोडगा निघाला.

तिसऱ्या दिवशी वाघ निघाला तेव्हा टिकली ओरडली, "वाघ वाढला."

त्या दिवशी कळप दुप्पट लांब पळाला.

चौथ्या दिवशी टिकलीची आई उठली नाही. पाडस लुचायचं, थांबायचं आणि पुन्हा लुचून बघायचं. टिकलीला ते टेकाडावरून दिसत होतं. खाली वाघ उठला आणि चालू लागला. तो करवंदीच्या जाळ्यांपलीकडे पोचला, तशी ती ओरडली, "वाघ जातो."

म्हाताऱ्यांनी कान पाडले. तरुण एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांच्यातला एक दबकत पाणवठ्याकडे गेला. त्याला काही झालं नाही. त्याच्यामागून बाकीचे गेले. दोघांनी टिकलीच्या आईला रेटत रेटत नेलं. ती बराच वेळ मान वर न काढता पीत राहिली.

म्हातारे मात्र प्यायले नाहीत. अशुभ शब्दावर मिळालेलं पाणी त्यांना चालेना. त्यांनी टिकलीला बोलावून पुष्कळ समजावलं. टिकली गुणी मुलगी होती. तिनं मधला मार्ग काढला. वाघ निघाला की ती तरुणांसाठी 'जातो' आणि म्हाताऱ्यांसाठी 'येतो' असं दोन्ही ओरडू लागली. तरुण पाणी प्यायचे. म्हातारे पळायचे. सगळ्यांचा मान राहिला.

म्हातारे हिरव्या पाल्यावर तहान भागवत होते. पण पाल्यावर किती दिवस निघणार? झडशिंगे आजोबांचे पाय लटपटू लागले. मग त्यांनी विचार केला. 'वाघ येतो' ऐकून आपण इतक्या वेळा पळालो, पण वाघ एकदाही आला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. अनुभव अगदी स्पष्ट होता.

दुसऱ्या दिवशी टिकलीनं दोन्ही शब्द ओरडले, तेव्हा बाकीचे म्हातारे पळाले आणि आजोबा पहिल्यांदाच पाणवठ्याच्या वाटेला लागले. वाट उताराची होती आणि ते सावकाश चालत होते. तेवढ्यात, कशासाठी कोण जाणे, वाघ मागे फिरला.

टिकलीनं एकच शब्द ओरडला. "येतो."

तरुण पाण्यातून उठून पळाले. आजोबा चालत राहिले. टिकली टेकाडावरून धावत खाली आली आणि त्यांच्यापुढे आडवी उभी राहिली.

"आजोबा, वाघ येतो."

"कळतं मला, बाळ."

"येतो म्हणजे खरंच येतो, आजोबा. या बाजूला येतो."

आजोबांना बरं वाटलं. पोरीनं आज 'जातो'चं नावही काढलं नव्हतं. "शिकलीस हो," ते म्हणाले. "आता सर बाजूला. जरा पाणी पिऊन येतो."

ते आले नाहीत.

कळपाची सभा भरली. टिकलीच्या अशुभ शब्दामुळे आजोबा गेले, असा म्हाताऱ्यांनी निकाल दिला. 'गेले' म्हणायचं नव्हतं, म्हणून निकालात 'आले' असं म्हटलं होतं. त्यामुळे काही माद्या आणखी दोन दिवस त्यांची वाट बघत होत्या.

पुढं काय झालं, हे मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. मग त्या जंगलातून आलेल्या एका मोराला मी विचारलं. मोर वाढवून सांगतात, म्हणून दुसऱ्या मोरालाही विचारून ताडून पाहिलं. दोघांचं म्हणणं एकच पडलं. टिकली आता कळपातली सर्वांत वयस्कर आहे आणि राखणदारांना तीच शिकवते. 'येतो' हा शब्द तिनं कळपातून कायमचा बंद केला आहे, कारण त्या शब्दानं आजोबा गेले. वाघ खरोखरच आला तर काय ओरडायचं, असं एका पाडसानं तिला विचारलं होतं. त्याला टेकाडावरून उतरवलं आणि त्याच्या जागी कमी बोलणारं पाडस बसवलं.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचं ऐकत जा. जी ऐकत नाहीत ती वाचतात, म्हातारी होतात आणि मग त्यांचं ऐकावं लागतं.