छाओ मास्तरांच्या लाल फिती

गोजी बेरीच्या साठ झुडपांना यूफेनने बावीस वर्षांत नवऱ्याला हात लावू दिला नव्हता. पण ऐन छाटणीच्या वेळी यिनछ्वान शहरात मुलगी बाळंत झाली, आणि महिनाभर तिच्याजवळ राहणं भागच होतं. छाओ मास्तर म्हणाले, "तू निर्धास्त जा. अडतीस वर्षं पोरं वळणावर आणली, झुडपांचं काय घेऊन बसलीस!"

यूफेन गेली, पण बसमध्ये चढताना तिने तीनदा मागे वळून पाहिलं.

मास्तर तालुक्याच्या छाटणी वर्गाला पहिल्या बाकावर बसले. खाली झुकलेल्या फांद्यांना फळ धरतं, त्या राखायच्या. सरळ वर धावणारे फुटवे झाडाचं सत्त्व खातात, ते कापायचे. घरी येऊन त्यांनी नववर्षाच्या सणातल्या उरलेल्या लाल फिती काढल्या आणि दोन दिवस खपून एकूण एक उनाड फुटव्याला बांधल्या. लाल म्हणजे चूक. त्यांची लाल शाई आयुष्यभर हेच सांगत आली होती.

तिसऱ्या दिवशी एकमेकींच्या शेतात राबायच्या सावडीने शेजारणी आल्या. "फिती बघून कापा," एवढंच सांगून मास्तर त्यांच्यासाठी मटणाच्या रश्शातल्या नूडल्स करायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा साठही झुडपं उलट्या खराट्यांसारखी उभी होती आणि शेंड्यांवर फिती फडफडत होत्या. झुकलेली एक फांदी शिल्लक नव्हती.

"काकू, हे काय केलंत?"

"लाल बांधलेलं एकही तोडलं नाही, मास्तर," लान्ह्वाकाकू कौतुकाने म्हणाल्या. "म्हटलं, तालुक्याची नवी पद्धत असेल. आणि शुभाची खूण कोण कापेल? नात झाली म्हणूनच बांधलीत ना?"

उन्हाळ्याचं सगळं फळ बांधावर पडलं होतं, पण बिचाऱ्या बायकांना काय बोलणार? मास्तरांनी सगळ्यांना आग्रहाने वाढलं आणि स्वतः घासही घेतला नाही. यूफेनने फोनवर छाटणीचं विचारलं, तेव्हा म्हणाले, "गावाच्या लक्षात राहील अशी झालीय."

महिन्याने यूफेन आली. सगळं शेत ती फिरली. मागून मास्तर खाली मान घालून सगळं कबूल करत होते.

"लान्ह्वाला काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"बरं केलंत." तिने एक फुटवा वाकवून पाहिला. "शेंडे छाटले तर यांनाच बाजूने फांद्या फुटतील आणि त्या झुकतील. शरदात थोडं तरी फळ मिळेल."

आणि तिने कमरेची कात्री काढून त्यांच्या हातात ठेवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा! मास्तरांचे डोळे भरून आले.

"धार गेलीय," यूफेन म्हणाली. "बाजारातून लावून आणा. तोवर मी दुसरीने सुरुवात करते. घाई नको, संध्याकाळपर्यंत आलात तरी चालेल."