छत्रीबागेतली ऊनचोरी

मी द्वारकाबाई. इंदूरच्या छत्रीबागेत माझी ओळख करून द्यावी लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते. शाळा चौथीपर्यंत; पुढचं मास्तरांना झेपलं नसतं. डोकं असं, की दुधावरची साय बघून सांगते कोण बोट घालून गेलं. गल्लीतली तीन चपलाचोरीची प्रकरणं, एक कुकरची हरवलेली शिट्टी आणि एक मोडता मोडता राहिलेलं लग्न, सगळे मामले मी सोफ्यावर बसून सोडवलेत. जिना माझे गुडघे चढत नाहीत. बुद्धी चढते, तेवढं पुरतं.

तर मामला असा. आमच्या गच्चीवर सोलरची चार पॅनल बसवली. पंधरा दिवस इन्व्हर्टरची बॅटरी नुसत्या उन्हावर टम्म भरली. मग एके दिवशी बंद. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणतंय आणि इन्व्हर्टरवर सोलरपुढे भोपळा!

शेजारच्या शशिकलाबाईंना हे कळायला किती वेळ? त्यांचे आजेसासरे दरबारात कारकून, आमचे घोडेस्वार. तेव्हापासून दोन्ही घरांत गोडी आहे, म्हणजे दिसेल तिथे टोमणा. भिंतीवरून म्हणाल्या, "द्वारकाबाई, ऊन काय बरणीत भरायची चीज आहे? फसवलं तुम्हाला."

"फसवणारा अजून जन्मला नाही. कुणीतरी ऊन चोरतंय. रविवारपर्यंत चोर पकडते."

"आणि नाही पकडला तर?"

माझी जीभ माझ्या पुढे धावते. "तर तुमच्या भजनी मंडळात येऊन बसेन. मागच्या रांगेत. टाळ घेऊन."

गल्लीने ऐकलं. मागच्या रांगेत मी आजवर कुठेच बसले नाही, आणि तिथे तर शशिकलाबाई पुढून बोट दाखवून टाळ सुधारतात म्हणे.

मदतीला सून घेतली. पूर्वा बँकेत आहे. सकाळी नवाला जाते, सहाला येते. म्हणून गच्चीचा तपास रोज संध्याकाळी.

पहिला संशय सूर्यावर. मोठा असला म्हणून काय झालं? खिडकीत ओला पापड ठेवला. दुपारपर्यंत कडक वाळला. सूर्य निर्दोष सुटला.

दुसरा संशय शशिकलाबाईंच्या नव्या पाण्याच्या टाकीवर. हिचीच सावली आमच्या पॅनलवर पडत असणार. पूर्वाला टेप देऊन वर पाठवलं.

"आई, टाकीची सावली तर पलीकडे पडलीय."

"तू आलेली बघून तोंड फिरवलं असेल तिने."

"आणि आई, एवढ्या उन्हाळ्यात पॅनल हाताला गार लागतात."

"चांगल्या मालाची खूण आहे ती. माठ नाही का गार असतो?"

तिसरा संशय पॅनल बसवणाऱ्या नीरजवर. त्याला सातला बोलावलं. त्याने वायरी बघितल्या, फ्यूज बघितला, डोकं खाजवलं.

"मांजी, सब ठीक है. पॅनल तो एकदम चकाचक. इतने दिन में धूल का एक कण नहीं!"

"इंदूर आहे भिया. धूळ यायला घाबरते."

"लेकिन मांजी, चेक तो दिन में करना पड़ेगा. अभी सूरज ही नहीं है."

"सूरजचा निकाल लागलाय. पापडाने साक्ष दिली. तू पुढचं बोल."

नीरज पुढचं काही बोलला नाही. चहा पिऊन गेला. मी त्याच्या नावापुढे मनात फुली मारली. बोलत नाही तो लपवतो.

घरातल्या सगळ्यांची जबानी घेतली, फक्त आमच्या ह्यांची सोडली. जयसिंगरावांनी चाळीस वर्षांत काही केलेलं नाही, आता काय करणार? रोज सकाळी घामाघूम होऊन जिना उतरायचे आणि सुरू करायचे, "द्वारका, ते पॅनल..."

"तपास चालू आहे. मधे बोलू नका."

पोहे खायला बसायचे बिचारे.

रविवार उजाडला. चोर नाही. मनातल्या मनात टाळ वाजायला लागले. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून हाक आली. शशिकलाबाई मिरच्या वाळत घालत होत्या.

"अहो द्वारकाबाई! जरा वर या, तुमच्या यजमानांना मदत करा. एकटेच गोधड्या घालताहेत."

गुडघ्यांना न विचारता मी बावीस पायऱ्या चढले. पूर्वा मागे. बघते तर चार पॅनल, चार गोधड्या, आणि जयसिंगराव चौथी पॅनलला नाडीने बांधताहेत.

"अहो! हे काय?"

"ऊन लागतंय ना त्यांना," ते म्हणाले. "स्कूटरची सीट एका उन्हाळ्यात तडकली. ही तर महागाची काच. आपल्या खानदानात किमती वस्तू उन्हात टाकत नाहीत. सकाळी झाकतो, संध्याकाळी हवेला उघडतो."

"मला सांगितलं का नाही?"

"रोज सांगत होतो. तपास चालू होता."

शशिकलाबाई मिरच्या पसरता पसरता म्हणाल्या, "मी आठ दिवस बघतेय. मला वाटलं, सरदारांकडे पॅनलसुद्धा पडद्यात ठेवायचा रिवाज असेल."

पूर्वाने गोधड्या ओढल्या, खाली धावली आणि ओरडली, "आई, चार्जिंग सुरू!"

"अभिनंदन," शशिकलाबाई म्हणाल्या. "चोर मी दाखवला हं. उद्या पाच वाजता या. टाळ आमच्याकडे आहेत."

मी शब्दाची पक्की. सोमवारी पाचाला जाऊन मागच्या रांगेत बसले. मागून पुढे आवाज पोचायचा तर तो पोटातून काढावा लागतो, मी काढला. पहिल्या अभंगाला पेटीवरच्या स्मिताबाईंची बोटं थांबली. दुसऱ्याला पुढची रांग माझ्यापासून लांब सरकत सरकत समोरच्या भिंतीला टेकली. टाळ तर मी देवाला ऐकू जातील असे वाजवत होते, आणि देव कुठे राहतो ते आपल्याला काय ठाऊक?

तिसऱ्या अभंगाच्या मध्यात शशिकलाबाई उठल्या. घामाघूम.

"द्वारकाबाई, मी नीट आठवून बघितलं. चोर तुम्हीच पकडला. मी नुसती मिरच्या घालत होते."

"मला मागे नीट ऐकू येत नाही."

"चोर द्वारकाबाईंनीच पकडला!" त्या सगळ्या मंडळासमोर ओरडल्या. "आता या तुम्ही!"

मी टाळ खाली ठेवले आणि पदर सावरला. माझा आजवरचा अनुभव सांगते. साक्षीदार कितीही बेरकी असो, तिसऱ्या अभंगाच्या पुढे टिकत नाही.