दुपट्ट्याखालचा भाव

मोतीरामजींना फोनवर भाव करायचा असला की ते समोरच्या फ्लॅटचं, म्हणजे माझं, दार वाजवतात आणि माझा उजवा हात मागतात. ‘‘सर, जरा हात द्या.’’ मग आम्ही दोघं त्यांच्या सोफ्यावर बसतो. फोन स्पीकरवर, मांडीवर त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा, आणि दुपट्ट्याखाली माझा हात त्यांच्या हातात. पलीकडची मुलगी टीव्हीवरच्या सिनेमा-मालिकांच्या वर्गणीचा आकडा सांगते आणि इकडे माझी बोटं दाबली जातात. आमच्या घरच्यांनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या हातातली कोथिंबिरीची वाटी घेऊन आल्या पावली परत गेल्या.

मोतीरामजी (सगळं अपार्टमेंट त्यांना काकाजीच म्हणतं) मूळचे शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी. झाडावरचा बहार पाहायचा आणि आख्खी बाग एकदम विकत घ्यायची, यात त्यांचा जन्म गेला. चारचौघांत भाव तोंडानं बोलायचा नाही, दुपट्ट्याखाली बोटांनी बोलायचा, ही त्यांची रीत. एक बोट दाबलं तर ‘अजून उतर’. दोन दाबली तर ‘मी उठून चाललो’. आणि आख्खा पंजा धरला की सौदा पक्का. पुढे काकू गेल्या, काकाजींच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा बंगळुरूच्या मुलानं, सुनीलनं, दवाखाना जवळ म्हणून अमरावतीत साईनगरला हा फ्लॅट घेऊन दिला आणि भिंतीला भलामोठा टीव्ही लावून दिला. बागा तिकडेच राहिल्या.

‘‘पण काकाजी, त्या मुलीला तुमची बोटं कुठं दिसतात?’’ मी एकदा विचारलं.

‘‘तिले कशाले दिसाले पायजे? रिकाम्या हातानं मले भाव सुचत नाही.’’

आता मी पडलो शाळामास्तर. फी ठरलेली, पगार ठरलेला, भाजीवालीशीसुद्धा मला घासाघीस जमत नाही. पण काकाजींच्या मते या सिनेमावाल्या कंपन्या म्हणजे एकमेकींच्या कुंपणाला लागून असलेल्या बागा. एकीकडे क्रिकेट, दुसरीकडे सिनेमे, तिसरीकडे मालिका. ‘‘एकानं भाव उतरवला की बाजूवाल्याले उतरवाच लागते. अन् पहिला भाव तं भाव नसतेच सर, तो नुसता नमस्कार असते. नमस्काराले कोणी पैसे देते का?’’

त्यांची युक्ती साधी होती. फोन लावायचा आणि म्हणायचं, ‘‘बंद करून टाका बाई तुमचं.’’ लगेच पलीकडची मुलगी मधाळ होते. ‘‘सर, खास तुमच्यासाठी तीन महिने निम्म्या दरात.’’ माझं एक बोट दाबलं जातं.

‘‘अन् त्या जाहिराती?’’

‘‘सर, जाहिराती नसलेला प्लॅन थोडा महाग आहे.’’

‘‘मंग जाहिराती पाह्याचे पैसे तुमी मले द्या. मेहनत तं माही हाय ना!’’

तीन महिने सरले की कंपनी दर वाढवते आणि काकाजी कुंपणावरून उडी मारून शेजारच्या बागेत जातात. पाहतात काय म्हणाल तर फारसं काहीच नाही. टीव्ही लावला की त्यांची मान छातीवर पडते. पण सौदा म्हटला की तासभर ताजेतवाने. मुलीला गाव विचारतील, ‘‘जेवली का बाई?’’ विचारतील, संत्री कशी ओळखायची ते सांगतील. एका कंपनीनं मुली काढून यंत्र बसवलं, ‘मराठीसाठी दोन दाबा’. काकाजींनी ती कंपनी कायमची सोडली. ‘‘भावाले दोन माणसं लागतेत,’’ म्हणाले, आणि दिवसभर फुगून बसले.

एका कंपनीला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. सगळ्यांत महाग तीच. दरवर्षी भाव चढवायची आणि हे गुपचूप भरायचे. मी चिडवलं, ‘‘इथं कसा नमस्कार चालतो?’’ तर म्हणाले, ‘‘त्याले हात नाही लावाचा,’’ आणि चहा टाकायला उठले.

परवा भर दुपारी आले. दुपट्टा होता, पण खांद्यावरून अर्धा खाली लोंबत होता. त्याच महाग कंपनीचा निरोप आला होता: एक वर्गणी, एकच घर. दुसऱ्या गावातलं घर जोडायचं तर त्याचे दरमहा वेगळे पैसे, नाहीतर तिथून पाहणाऱ्याचं नाव काढून टाकणार.

‘‘मग काढू द्या की,’’ मी म्हणालो.

ते मला हाताला धरून घरी घेऊन गेले. टीव्ही लावला. पडद्यावर दोन नावं आली, ‘बाबा’ आणि ‘सुनील’. त्यांनी सुनीलवर बटण दाबलं. अर्धवट पाहिलेल्या मालिका ओळीनं आल्या, पहिलीच कोरियाची. प्रत्येकीखाली कुठवर पाहिलं ते सांगणारी छोटीशी लाल रेघ.

‘‘हे पाहा. काल जरासंच पाह्यलं अन् सोडून देल्लं. थकला असंन. मांगच्या हप्त्यात तं काहीच नाही पाह्यलं. मले वाटलं ताप-गिप आला. फोन केला तं म्हणे, मिटिंगमध्ये हाओ बाबा.’’

‘‘म्हणून तुम्ही ही कोरियाची मालिका पाहता?’’

‘‘मले काय समजते त्यातलं! पण तो पाह्यते तितकंच मी पाह्यतो. त्याच्या पुढं जात नाही.’’

ते रिमोटशी चाळा करत म्हणाले, ‘‘आज सकाळी सुनील म्हणे, बंद करून टाका, मले मोबाइलच्या रिचार्जसंगं फुकट भेटते. आता फुकटाशी कसा भाव करू, सर?’’

मग त्यांनी फोन लावला. मी न सांगता हात पुढे केला. मुलीनं दुसऱ्या घराचा दर सांगितला. ‘‘यात सूट नाही सर. नको असेल तर ते नाव आत्ताच काढून टाकू का?’’

एक बोट नाही, दोन बोटं नाहीत. काकाजींनी आख्खा पंजा धरला, बोटं दुखतील इतका घट्ट. ‘‘राहू द्या बाई. त्याचं नाव राहू द्या.’’ पहिलाच भाव होता.

लागलीच सुनीलला फोन. ‘‘काहून बंद करतं लेका! निम्म्याच्याबी खाली पाडला भाव! आता तिथंच पाह्यजो, माह्या सौद्याची लाज ठेव.’’

पलीकडे सुनील हसला. ‘‘तुमी काई ऐकत नाही बाबा. बरं, राहू द्या. ठेवू? मिटिंग हाय.’’

फोन बंद झाला. ‘‘राहू द्या म्हणे,’’ काकाजी मला म्हणाले, जणू मी ऐकलंच नव्हतं.

सौदा झाला की व्यापारी हात सोडतो. काकाजींनी सोडला नाही. समोरून आमच्या घरच्यांनी जेवायला हाक मारली. आलोच, म्हणालो, आणि बसून राहिलो.