दाजीकाकांचं बेटावरचं घर

आमचे शेजारी दाजीकाका रोज सकाळी अंगणात उभे राहून बोट ओलं करत, हवेत धरत आणि जाहीर करत, "आज बंदरआळीला गलबतं लागायची नाहीत." अंगण माळव्यातल्या धारचं, बंदरआळी कोकणातल्या एका बेटावरची. मधे सबंध सह्याद्री होता, पण दाजीकाकांनी त्याची कधी फिकीर केली नाही.

दरबारच्या दप्तरातून ते त्या वर्षी पेन्शनीत निघणार होते आणि पुढचं आयुष्य त्या बेटावर काढणार होते. तिथे बंदरआळी, मधली आळी आणि टेकडीआळी, तिन्हीकडे एकेक घर विकाऊ होतं. काकांचं मत ठाम होतं. "टेकडीआळी! हवेला तोड नाही. लिहून ठेव."

एकदा दूधवाल्यानं विचारलं, "दाजी, आपने कदी दरियो देख्यो?"

"देखने की क्या जरूरत? अपनी नर्मदाजी आखिर जाती कहाँ हैं, भिया?"

खरी माहितगार घरातच होती. काकू त्याच बेटावरच्या. आठव्या वर्षी त्यांना इकडे आणून लग्न लावलं, पुढे माहेरी कुणी उरलं नाही, आणि चाळीस वर्षांत त्या परत गेल्या नाहीत. आपली आळी कोणती, हे विचारलं की म्हणत, "लहानपणीचं काय आठवतंय? तुम्ही म्हणाल तसं." भाजी कोणती करू इथपासून त्यांचं हेच उत्तर.

मग काकांनी एका भिक्षुकबुवांकरवी तिन्ही आळ्यांतल्या विहिरींचं पाणी गडूंत सीलबंद करून मागवलं. बुवा आले तेव्हा काकांच्या दाराला कुलूप, म्हणून त्यांनी गडू आमच्याकडे ठेवले. हेच बुवा दरसाल काशीहून गंगा आणायचे. आईनं एक गडू आपलाच समजून फोडला, पूजा केली आणि गल्लीभर तीर्थ वाटलं. एवढंच म्हणाली, "यंदाची गंगा जरा मचूळ लागते."

काका धावत आले. गडूच्या बुडावरची खूण पाहून त्यांचा चेहरा उतरला. "वैनी, गल्लीला मोक्ष दिलात, पण आमची मधली आळी संपवलीत की हो!"

तळाशी वाटीभर पाणी उरलं होतं. ते मीच जपून त्यांच्या घरी नेलं. काकांनी तीन वाट्या भरल्या, काकूंना बोलावलं आणि कुठलं पाणी ते न सांगता म्हणाले, "चव बघ."

पहिली वाटी काकूंनी घोट घेऊन खाली ठेवली. दुसरीही. तिसरी मात्र त्यांनी खाली ठेवलीच नाही. सगळं पाणी प्यायल्या आणि रिकामी वाटी दोन्ही हातांत धरून बसल्या. "आमच्या मागल्या दारची विहीर," त्या म्हणाल्या. "आई इथूनच हाका मारायची." मग एकदम सावरून डोळे पुसले. "पण हवा टेकडीआळीची चांगली ना? तुम्ही म्हणाल तसं."

"मधली आळी," काका म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच म्हणतोय."

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. तिथे मात्र त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "चाळीस वर्षांत तिनं मला कशालाच नाही म्हटलं नाही रे. म्हटलं, पाणी चाखताना तरी खरं बोलेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात बोट वर करून उभे होते. "मधल्या आळीत आज काय सुरेख वारा सुटलाय!" त्यांनी घराकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं.

धारला त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. पण आतून काकूंचा आवाज आला, "हो, येतोय इथवर."