सालांच्या डबीचं भोक

मालकांनी दुसऱ्या कारखान्याचं शार्पनर आप्पांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "खोला."

टेबलाच्या कडेला बसवून हँडल फिरवायचं ते शार्पनर होतं. मालकांचा कारखानाही तेच बनवायचा, आणि त्याची ड्रॉइंगं काढता काढता आप्पांचे केस पांढरे झाले होते. फरक एवढाच, की यांचा माल गोदामात पडून होता आणि त्या दुसऱ्यांचा हातोहात जात होता.

"कशामुळे खपतंय ते सोमवारपर्यंत सांगा," मालक म्हणाले. "नाहीतर बाहेरचा माणूस बघावा लागेल. तुमचंही वय झालंय म्हणा."

घरी बसायची आप्पांना मनापासून भीती वाटायची. बायकोला तर त्याहून जास्त वाटायची.

शार्पनरचे एकोणतीस भाग निघाले. अठ्ठावीस थेट आपल्यासारखेच. घोडं पेंड खात होतं ते एकोणतिसाव्यापाशी. पेन्सिलीची सालं साठतात त्या डबीला मागून मोहरीएवढं भोक होतं.

"हवा खेळायला असेल," फोरमन म्हणाला.

"सालांना कशाला हवी हवा?"

"मग मुंग्यांना."

विक्री बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, बाकी सगळं सारखं, तर त्या भोकामुळेच खपत असणार. सरळ आहे." यात खोट काढणं कुणालाच जमेना.

आप्पांनी प्रयोग मांडला. वीस पेन्सिली भोक उघडं ठेवून, वीस भोकात मेण भरून. टोकं सारखीच आली. शंका नको म्हणून पुन्हा वीस-वीस. शुक्रवारपर्यंत ऑफिसात बोटापेक्षा लांब पेन्सिल उरली नाही. मालकांनी आपली पेन्सिल खिशात घालून वरून बटण लावलं.

शनिवारी फोरमनने डबी उजेडात धरली. "आप्पा, हे भोक मी पाडायचो. असंच, इथेच."

"तू त्यांच्याकडे कधी होतास?"

"नव्हतोच ना!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आप्पांनी स्वतःच्याच कपाटातून पंधरा वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग काढलं. डबीच्या पाठीवर एक बारीक वर्तुळ होतं. काम सुरू करताना टोक तपासायला कागदाच्या कोपऱ्यात एक वर्तुळ काढायची त्यांची सवय होती. त्या दिवशी कोपरा हुकला होता.

"अरे, विचारायचंस तरी!"

"कागदावर होतं, पाडलं. चार वर्षं पाडलं. नव्या ड्रॉइंगमध्ये दिसलं नाही, थांबलो."

म्हणजे त्या लोकांनी यांचंच जुनं शार्पनर खोलून, काही सुटायला नको म्हणून, आप्पांची चूकसुद्धा इमानाने उतरवली होती.

"मालकांना सांगू नका," फोरमन म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"चुकीचं ड्रॉइंग काढलं असेल मी, खोटं कधी काढलं नाही," आप्पा म्हणाले. रविवारभर मात्र त्यांना अन्न गोड लागलं नाही.

सोमवारी मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक तुमची."

"हो."

"चार वर्षं?"

"हो."

मालक विक्रीच्या बाईंकडे वळले. "तेव्हा आपला माल कसा जायचा हो?"

"पुरायचा नाही."

"आणि भोक बंद झाल्यावर?"

बाईंनी आठवून पाहिलं. "उरायला लागला."

मग मालक हळूच म्हणाले, "आप्पा, बाहेरच्या माणसाला हे सुचलं असतं?"

"साहेब, मलाही सुचलं नव्हतं."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही कुठेही जायचं नाही."

दुपारी नवं ड्रॉइंग तयार झालं. कारखान्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गोष्टीपुढे तिचा उपयोग लिहायचा होता. पातं: कापणे. हँडल: फिरवणे. भोकापाशी आप्पांचा हात थांबला.

"काय लिहू रे?"

फोरमनने विचार केला. "खपणे."

आप्पांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.