चॉकलेटी रंगाची बरणी

माझ्या हातात कला आहे. हे मीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरातलं दुसरं कुणी सांगेल अशी चिन्हं गेल्या एकोणीस वर्षांत दिसलेली नाहीत!

आम्ही चिखल्याचे. समुद्र हाकेच्या अंतरावर, चिकूची वाडी त्याहून जवळ आणि ऑफिस डहाणूला. तिथं मी आवक-जावक बघतो. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि मधल्या वेळेत मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ बघायचे. मधला वेळ पुष्कळ असतो. त्या व्हिडिओंतले लोक जिगहेड घरी बनवतात. जिगहेड म्हणजे वाटाण्याएवढं शिशाचं डोकं आणि त्यातून बाहेर आलेला गळ. मागं रबराचा मासा अडकवून पाण्यात टाकला की खाडीतल्या जिताड्याला वाटतं, जेवण आलं. दुकानात ही डोकी रंगवलेली तयार मिळतात. पण तयार वस्तू आणायला कला कुठं लागते? नुसतं पाकीट लागतं!

तलासरीला माझा मित्र मनिष ग्रिल आणि गेट बनवतो. त्याच्या वर्कशॉपच्या मागं आम्ही चांगली तीस डोकी ओतली.

मनिष म्हणाला, "ठेव इथंच. गेटला पावडरचा रंग मारतो ना, त्यातच मारून देतो. संध्याकाळी घेऊन जा."

ऐकलंत? कलाकाराला म्हणतो, ठेव इथंच!

"मनिष," मी म्हणालो, "गेट वेगळं, जिताडं वेगळं. तू फक्त पावडर दे."

त्यानं कुठल्याशा बंगल्याच्या गेटमधून उरलेली चॉकलेटी पावडर दिली. बारीक चमकी असलेली. गढूळ पाण्यात चॉकलेटी रंगच चालतो, असं व्हिडिओत सांगितलं होतं. कृती सोपी. डोकं मेणबत्तीवर तापवायचं, पावडरीत बुडवायचं, पावडर वितळून रंग बसतो. अडचण एकच होती, आणि ती घरी बसली होती.

मयुरा, म्हणजे आमचं कुटुंब, अकरा बायकांचा बचत गट चालवते. या बायका चिकू कापतात, वाळवतात आणि दळून पावडर करतात. मागची खोली त्यांची. तिथं चप्पल चालत नाही, केस मोकळे चालत नाहीत आणि मी तर अजिबात चालत नाही.

"शिसं, रंग, गळ, यातलं काहीही या उंबऱ्याच्या आत आलं," मयुरा म्हणाली होती, "तर तुम्ही त्याच्यासकट बाहेर!"

त्या आठवड्यात तर तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. वापीच्या निलम मॅडम रविवारी यायच्या होत्या. त्यांची आइस्क्रीमची तीन दुकानं. चिकूची पावडर पसंत पडली की अख्ख्या हिवाळ्याची ऑर्डर! आणि या ऑर्डरवर सगळ्यात जास्त डोळे लावून बसली होती ती गटातली लाडकी. पाड्यावरून येते, चिकू कापायला तिच्यासारखा हात नाही. दिवाळी झाली की तिचं बिऱ्हाड दरवर्षी वीटभट्टीवर जातं, ते थेट पावसाळ्याच्या तोंडावर परत. मुकादम सोमवारी होकार घ्यायला येणार होता.

"औंदा चिमीची दहावी हाय," लाडकी मयुराला सांगत होती. "आर्डर भेटली ना ताई, तं मी नाय जायची. पोरीची शाळा नाय सुटायची."

मी पण हातभार लावायचं ठरवलं. "मॅडमच्या जेवणाची काळजी सोडा! रविवारी भरतीला खाडीवर जातो. जिताडं आणतो!"

"मॅडम कांदासुद्धा खात नाहीत," मयुरा म्हणाली.

बरं, मग माझ्यासाठी आणतो!

आता प्रश्न पावडर लपवण्याचा. तुम्ही असता तर कुठं लपवली असती? माळ्यावर? पलंगाखाली? तिथंच तर मार खाता तुम्ही! एक चिकू लपवायचा तर वाडीत लपवावा. मागच्या खोलीत चिकूच्या पावडरीच्या एकसारख्या चाळीस बरण्या मांडलेल्या होत्या. चॉकलेटी रंगाच्या. लेबलं ऑर्डर मिळाल्यावर छापायची होती. मी तसलीच एक रिकामी बरणी घेतली, तीत मनिषची पावडर भरली आणि तिसऱ्या फळीवर चाळिसांत एकेचाळिसावी ठेवून दिली. ओळखायला बरणीच्या गळ्यात एक लाल रबर. झालं! ऑफिसात बसून मी फुकट जातोय असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

शनिवारी दुपारी बायका जेवायला पांगल्या, तसा मी आत शिरलो. लाल रबर असलेली बरणी उचलली आणि वाडीतल्या पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. मेणबत्ती, पक्कड, तोंडाला मास्क. पहिलं डोकं तापवलं. बुडवलं.

चर्रर्र!

पावडर फसफसली, मग बुडबुडे आले आणि मग असा काही गडद, चकचकीत रंग चढला की मी पक्कड हातात धरून बघतच राहिलो. मास्कमधूनसुद्धा वास आला. गोड! भाजलेल्या साखरेसारखा! मी मनिषला फोन लावला.

"मनिष, तुझ्या रंगाला काय सुंदर वास आहे रे!"

"रंगाला वास?" तो म्हणाला. "गोड येतोय? जतीन, तू खोलीच्या बाहेर ये बघू आधी. डोक्यात गेला असेल."

"तुला सर्दी झालीय," मी म्हणालो आणि फोन ठेवला. माणसाला कलेची असूया वाटते ती अशी.

पावडरीत चमकी दिसत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी आंधळा नाही! पण चमकी तळाशी बसली असणार, असा मी शास्त्रीय विचार केला. तीसच्या तीस डोकी रंगवली. ऑफिसच्या व्हाइटनरनं प्रत्येकाला दोन-दोन डोळे काढले, त्यांत पेनानं बुबुळं. दोरीला ओळीनं टांगली. साठ डोळे माझ्याकडे आदरानं बघत होते. निदान मला तरी तसं वाटलं.

रविवारी सकाळी डोकी काढायला गेलो आणि दारातच थबकलो. दोरी हलत होती! वारा तर नव्हता. जवळ जाऊन बघितलं तर दोरीभर लाल मुंग्या! एक ओळ येतेय, एक ओळ जातेय, आमच्या ऑफिसात दिसत नाही अशी शिस्त. डोक्यांचा रंग जवळजवळ साफ! तीस डोकी, तीस टकलं, आणि खाली जमिनीवर व्हाइटनरचे डोळे गळून पडलेले.

मुंग्या गेटचा रंग खातात?

मी बरणीत बोट घातलं आणि जिभेवर ठेवलं. चिकू! आमच्याच वाडीचा, उत्तम प्रतीचा चिकू!

दोन क्षण मला हसू आलं. तिसऱ्या क्षणी डोक्यात उजेड पडला. इथं चिकू आहे, तर मग रंग कुठं आहे?

मी धावलो. मुंग्यासुद्धा माझ्याबरोबर निघाल्या, शर्टाच्या आतून. मागच्या दारात आई लसूण सोलत बसली होती.

"आई! तिसऱ्या फळीवरच्या बरणीला लाल रबर होतं, ते..."

"मी काढलं," आई शांतपणे म्हणाली. "चांगलं घट्ट रबर होतं. बाजूच्या बरणीचं झाकण सैल लागत होतं, तिला लावलं. का रे? तुझं होतं?"

आमच्या आईच्या नजरेतून आजवर एकही रबर सुटलेलं नाही. दुधाच्या पिशवीचं, मिठाईच्या खोक्याचं, पालेभाजीच्या जुडीचं, सगळी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर जमा होतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण थोर माणसं बारीकसारीक गोष्टी विसरतात!

खोलीत बघतो तर फळ्या मोकळ्या. सगळ्या बरण्या ओटीवर मांडलेल्या, आणि ओटीवर निलम मॅडम खुर्चीत बसलेल्या. हातात एक उघडी बरणी.

"मयुराबेन, आ तो सरस!" मॅडम म्हणत होत्या. "रंग बघा ना! किती चमकते! असा माल मी कधी पाह्यला नाय!"

लाडकी पदर सावरत पुढं झाली. तिचा चेहरा फुलला होता. "सगल्या बरण्या मी हातात धरून बगितल्या, म्याडम. हीच जड लागली. चकाकत पन व्हती. म्हून मीच निवडून ताईला मिल्कशेक कराया दिली!"

उरलेल्या चाळीस बरण्यांतून नेमका गेटचा रंग निवडला होता! आणि टेबलावर ट्रे. ट्रेत सहा ग्लास, फेस आलेले. मॅडमनी एक उचलला.

"थांबा!" मी ओरडलो. त्याच वेळी एक मुंगी बगलेत चावली, त्यामुळे मी ओरडतानाच एक उडीही मारली.

"हे आमचे मिस्टर," मयुरा दातांवर दात ठेवून म्हणाली.

आता खरं सांगावं, तर उंबऱ्याच्या आत रंग आणल्याचं कबूल करावं लागणार. मी वेगळा मार्ग काढला.

"मॅडम, पिऊ नका! दूध नासलंय!"

"आज सकाळचं दूध आहे," मयुरा म्हणाली.

"सकाळचंच नासलंय!" मी पाठीवर चापट मारत म्हणालो. "म्हशीला बरं नाहीये!"

ही चूक झाली. लसणाचं सूप बाजूला सारून आई ओटीवर आली. आईला मला काहीही बोललेलं चालतं, पण तिच्या म्हशीला बोललेलं चालत नाही.

"माझ्या म्हशीला काय झालंय? अं? चिखल्यात असं दूध दाखव मला! बाई, तुम्ही प्या निवांत. ही बघा, मी पण पिते!" आणि आईनं ग्लास उचलून तोंडाला लावायला घेतला. तिच्याकडे बघून मॅडमनी पण त्यांचा ग्लास वर नेला.

"आई, रंग आहे तो! गेटचा रंग!"

दोन्ही ग्लास हवेत थांबले. मी मॅडमच्या हातातला ग्लास ओढला. तो ओढताना ट्रेला कोपर लागलं आणि उरलेले चारही ग्लास ओटीवर आडवे झाले. दूध वाहून गेलं. फरशीवर चॉकलेटी चमकी राहिली, तलासरीच्या कुठल्याही गेटला शोभेल अशी.

मग मी सगळं सांगितलं. जिगहेड, मनिष, एकेचाळिसावी बरणी, रबर. मयुरा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मॅडमनी पर्स खांद्याला लावली. आणि लाडकी, जिनं ती बरणी एवढ्या हौसेनं निवडली होती, ती खाली बसून पदरानंच फरशी पुसायला लागली. मला फार लाज वाटली. उगाच नाही सांगत, मुंग्या चावत होत्या त्याचंसुद्धा भान राहिलं नाही.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हणालो. "या बायकांचा माल खरंच चोख आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका! मुंग्यांना विचारा!"

"कोणाला?" मॅडमनी विचारलं.

लाडकी ताडकन उठली. "चला म्याडम, दाखवते!"

सगळी वरात पंपाच्या खोलीत. मॅडम दोरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मुंग्या शेवटच्या तीन डोक्यांवर काम संपवत होत्या. एवढ्या लोकांचीही त्यांना फिकीर नव्हती.

"एका रात्रीत?" मॅडमनी विचारलं.

"एका रात्रीत," मी म्हणालो.

"मागच्या महिन्यात एका पार्टीनं दोन गोणी चिकू पावडर दिली," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझ्या गोडाऊनमध्ये उघडी पडलीय. एक मुंगी नाय फिरकली तिकडे, जतीनभाई! मला तवाच समजायला पायजे होतं." मग त्यांनी ओटीवरची दुसरी एक बरणी मागवली, चिमूटभर पावडर तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "मयुराबेन, ऑर्डर पक्की. पण दोन अटी. बरणीला लेबल पायजे. आणि हे भाई त्या खोलीत नाय पायजेत."

"दुसरी आधीपासूनच आहे," मयुरा म्हणाली.

लाडकी नुसती हसली आणि मग एकदम रडली. जाताना तिनं विचारलं, "दादा, ही टकली डोकी टाकून देनार? एक घेऊ?"

"घे की! पण रंग नाही त्याला. काही लागणार नाही," मी जाणकारासारखं सांगितलं.

सोमवारी मुकादम रिकाम्या हातानं परत गेला. संध्याकाळी लाडकी आणि चिमी एक जिताडं दोघींत धरून घेऊन आल्या. साडेचार किलोचं! त्या टकल्या डोक्याला जिवंत कोळंबी लावून खाडीत सोडली होती म्हणे. अर्धं कापून मयुराच्या हातात ठेवलं.

"रंगाशिवाय लागलंच कसं?" मी विचारलं.

"दादा, तेला खायाचं व्हतं," लाडकी म्हणाली. "बगायाचं नव्हतं."

मी तीन तुकड्या खाल्ल्या. वाईट नव्हतं.

आता लेबलं लावायचं काम माझ्याकडे आहे, खोलीच्या बाहेर बसून. आवक-जावकचा अनुभव आहे म्हणून, असं मी लोकांना सांगतो. मयुरानं माझ्या गळांच्या डब्यासाठी, रंगासाठी आणि पकडीसाठी वेगळी लाल लेबलं छापून घेतली आहेत: 'खाण्यायोग्य नाही'. परवा त्यातलंच एक माझ्या शर्टाच्या पाठीवर होतं. ऑफिस सुटेपर्यंत कुणी सांगितलं नाही. मी आपला दिवसभर समजत होतो, आज लोक आपल्याकडे बघून एवढे खूश का आहेत!