स्लाऊमधला ओपॉसम

मुलीला भाषणाला तयार करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! रविवारी दुपारपर्यंत तरी माझा तसा ठाम समज होता.

आम्ही राहतो इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात. आमची तनिषा घरात अखंड टकळी, आणि वर्गात मुकी. टीचरनी विचारलं तर मान हलवते, तीही अर्धीच! सोमवारी तिला 'अमेरिकेतले प्राणी' या विषयावर सगळ्या वर्गासमोर बोलायचं होतं. "आई, माझा आवाज शाळेत येतच नाही," ती माझ्या कुशीत तोंड खुपसून म्हणाली. मी विरघळलेच!

युक्ती सुचली. ओपॉसम! मांजराएवढा अमेरिकन प्राणी. फार घाबरला की मेल्यासारखा पडतो. जीभ बाहेर, लाळ गळतेय, वर घाणेरडा वासही सोडतो!

"कधी कधी तासन्‌तास तसाच," मी म्हटलं. "तू आधी ॲक्टिंग कर. मग आवाज आपोआप येईल."

तनू सोफ्यासमोर धाडकन पडली. नेमका तेव्हाच नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल!

"अगंबाई! पोरीला काय झालं?"

"काही नाही आई, ती ओपॉसम झालीये."

"हा कुठला नवा आजार?"

"आजार नाही हो, प्राणी! तनू, ऊठ, आजीला सांग."

तनू ढिम्म. तासन्‌तास म्हटलं होतं ना मी!

"दृष्ट लागलीये! मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळ आणि टाक तव्यावर!"

सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा तवा तापवणं सोपं. मी शहाणपणानं एक्स्ट्रॅक्टर फॅन फुल लावला आणि मिरच्या टाकल्या. धूर वरच्या वर गायब.

"ठसका नाही लागला? बघ, केवढी जबर दृष्ट! अजून टाक!"

टाकल्या. तरी शिंकसुद्धा नाही!

"आणि ती घरघर कसली? बंद कर आधी!"

केली. मग जो ठसका लागला म्हणता! माझा नवरा परीक्षित अर्ध्या दाढीनिशी बाथरूममधून उडी मारून बाहेर आला. ओपॉसमही उठून पळाला! आणि अलार्म वाजला तो अख्ख्या बिल्डिंगचा.

सगळे शेजारी फुटपाथवर. कुणी ड्रेसिंग गाऊनमध्ये, कुणी हातात चहाचा मग घेऊन. कोपऱ्यावरून फायर इंजिन वळलं.

"डॉक्टर आले का गं?" फोनमधून सासूबाई.

"नाही आई, बंब आला!"

हेल्मेटवाल्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी खोकतेय, परीक्षित साबणाच्या फेसात. आम्हा दोघांच्या मधून तनू पुढे सरकली आणि बोलायला लागली! ओपॉसम झाला, डोळ्यांतून रक्ताची पिचकारी मारणारा सरडा झाला, थंडीत गोठून वसंतात पुन्हा उड्या मारणारा अलास्काचा बेडूकही झाला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे वाहत होते. अर्धेच मिरच्यांमुळे.

"बघ, उतरली दृष्ट!" सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी शाळा सुटताना टीचर गेटपाशी धावत आल्या.

"तनिषा वॉज ब्रिलियंट! थांबतच नव्हती. वर्गाला केवढी नवी माहिती मिळाली!"

मी कॉलर ताठ केली. "अमेरिकेतल्या प्राण्यांची ना?"

"नाही," टीचर गोड हसल्या. "तुमची!"